प्रेमराज स्वतःहून गेला नव्हता

लिहून ठेवणार : प्रमिलाबाई उखर्डू देवरे, वय अडुसष्ट, धंदा पिठाची चक्की, राहणार मौजे टेंभीपाडळे, तालुका शिरपूर, जिल्हा धुळे.

हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने, दिवसाउजेडी, घराच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. माझे डोके शाबूत आहे. डोळ्यांचे ऑपरेशन धुळ्याला झाले असून अक्षर स्वच्छ दिसते. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही. एकाने घालून पाहिला, त्याचे पुढे येईल. याआधी मी असा कागद केलेला नाही. कोणी दाखवला तर तो खोटा समजावा.

वकीलसाहेबांनी मला एका पानाचा मसुदा करून दिला होता. ते म्हणाले, "आजी, कोणाला काय द्यायचं तेवढं लिहा. का द्यायचं ते कोर्टाला लागत नाही." मी म्हटले, मला लागते. त्या मसुद्यात "माझ्या दोन्ही मुलांवर माझे सारखेच प्रेम आहे" असेही एक वाक्य होते. ते मी खोडले आहे.

कलम १. माझे वारस.

माझे यजमान उखर्डू सोनू देवरे अर्धांगवायूने वारले, त्याला बरीच वर्षे झाली. आम्हाला दोन मुलगे. थोरला नवल हयात आहे. त्याला पियुष नावाचा एक मुलगा आहे. धाकटा प्रेमराज सन २०१४ च्या फेब्रुवारीत गावच्या जिनिंगला लागलेल्या आगीत भाजून मेला. त्याची बायको पुनम आणि मुलगी ऋतिका हयात आहेत. ऋतिका माझ्याजवळ राहते व सातवीत शिकते. पुनमने पुढे दुसरे लग्न केले व ती पिंपळनेरला नांदते. ते लग्न मीच लावून दिले. गावात ज्यांनी तेव्हा नाके मुरडली त्यांनी आता हे लेखी वाचावे.

कलम २. घर.

गावठाणातले माझे राहते घर, पुढची चक्कीची खोली धरून, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी चक्कीच्या कमाईतून बांधले. यजमान असतानाही दळण मीच दळत होते, कारण त्यांना पिठाने दमा उठत असे. हे घर मी नात ऋतिका प्रेमराज देवरे हिला देत आहे. नवलचा या घरावर कसलाही हक्क राहणार नाही. त्याने हे घर माझ्याकडे मागितले होते. कशाच्या बदल्यात मागितले, ते समजण्यासाठी आधी आगीचे लिहावे लागेल.

कलम ३. आगीची हकिकत.

आमच्या गावात कापसाची सरकी काढणारी जिनिंग आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाचे डोंगर उघड्यावर पडलेले असतात. तालुक्याहून बंब येईपर्यंत डोंगराची राख होते. म्हणून ग्रामपंचायतीने गावातल्या तरुणांचे आग विझवण्याचे पथक केले. एक ट्रॅक्टरचा टँकर, एक पंप आणि प्रत्येकाला निळा शर्ट. पगार नाही. पंधरा ऑगस्टला त्या वेळच्या सरपंचांनी माइकवर सांगितले की प्रत्येक पोराचा विमा काढला जाईल आणि हप्ता जिनिंगचे शेठ भरतील. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पहिल्या वर्षी हप्ता भरला. नंतर कोणी भरला नाही आणि कोणी विचारलेही नाही. पोरे मात्र जात राहिली.

प्रेमराज पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा, म्हणून पंप त्याच्याकडे होता. चाऱ्याच्या गंज्या, झोपड्या, एकदा धुडकूभाऊंच्या घरातले पेटलेले सिलिंडर, हे सगळे त्याने विझवले आहे. जेवता जेवता उठून जायचा. पुनम चिडायची. तो म्हणायचा, "आज त्यास्नं घर शे, सकाळ आपलं ऱ्हाई." सकाळ म्हणजे उद्या.

त्या दिवशी दुपारी मी चक्कीवर होते. धूर दिसला तशी पट्टा उतरवून पळाले. जिनिंगच्या फाटकाशी लोकांनी मला धरून ठेवले. आत सरकीच्या गोदामात झाडलोट करणाऱ्या दोन बाया अडकल्या होत्या. सातपुड्यातल्या पाड्यांवरून त्या हंगामाला येत. प्रेमराज आणि त्याचा जोडीदार झुलाल आत गेले. दोन्ही बाया बाहेर आल्या. त्यातली एक रूपा पावरा. दुसरीला उचलून आणताना झुलालचे दोन्ही हात भाजले. त्याला लगेच गाडीत घालून नेले, त्यामुळे पुढचे त्याने पाहिले नाही.

प्रेमराज बाहेर उभा होता. धडधाकट होता. रूपाला पाणी पाजत होता. हे मी फाटकातून माझ्या डोळ्यांनी पाहिले. मग तो वळला आणि धुरात गेला. शेडला लागून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक उभा होता. तो ट्रकमध्ये चढला आणि शेडचे पत्रे, अँगल, सगळे वरून खाली आले.

धुळ्याच्या दवाखान्यात तो चार दिवस होता. तोंड सुजले होते, पण शुद्ध होती. मी विचारले, "भाऊ, बाया निंघी गयात. मंग तू परत का गया?"

तो म्हणाला, "माय, शेठनी सांगं, ट्रक काढ. डायवर पळी गयथा. म्हणीसन गऊ."

पुनम तेव्हा माझ्या शेजारी होती. तिनेही ऐकले. त्यानंतर त्याने ऋतिकाला आणायला सांगितले. तिला दवाखान्यात आत सोडत नव्हते. ती नुकती चालायला लागली होती. भेट झाली नाही.

कलम ४. चौकशी.

महिनाभराने ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये चौकशीचे साहेब आले. पथकातल्या पोराला कामावर असताना मरण आले असेल, कोणी बोलावून काम सांगितले असेल, तर त्याच्या बायकापोरांना काही मिळू शकत होते. स्वतःच्या मनाने गेला असेल तर काही नाही. सगळे एवढ्या एका गोष्टीवर होते.

नवल त्या जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर कामाला होता. आगीच्या वेळी तो काट्याच्या खोलीपाशी शेठच्या शेजारी उभा होता. साहेबांनी त्याला उभे केले. नवल शुद्ध मराठीत बोलला. घरी तो असे कधी बोलत नाही. म्हणाला, "साहेब, माझा भाऊ लहानपणापासून धाडसी होता. त्याला कोणी काही सांगितलं नाही. तो स्वतःहून गेला."

हॉलमधल्या लोकांनी माना हलवल्या. एकजण म्हणाला, "वाघ होता पोरगा." साहेबांनी लिहून घेतले.

मग रूपा उठली. ती पावरी बोलीत बोलली, हात करून ट्रक दाखवला, शेठकडे बोट केले. साहेबांना काही समजले नाही. त्यांनी सरपंचांना विचारले, काय म्हणते? सरपंच म्हणाले, "म्हणते, प्रेमराजभाऊंनी माझा जीव वाचवला." तेवढेच. मला तिची बोली तेव्हा अर्धीमुर्धीच कळे, पण ट्रक आणि शेठ एवढे कळले. मी उठून म्हटले, "साहेब, ती ट्रकचं सांगते आहे. शेठनी ट्रक काढायला लावला म्हणते आहे." साहेब नरमाईने म्हणाले, "आजी, बसा. तुम्ही दुःखात आहात." त्यांनी मला पाणी मागवले. ते पाणी मी प्यायले नाही.

त्यानंतर नवल काट्यावरून सुपरवायझर झाला. रूपाला पुढच्या हंगामात जिनिंगच्या फाटकातून परत पाठवले.

मी घरी नवलला विचारले, "तुना कानवर पडं नई का?"

तो खाली बघून म्हणाला, "पडं."

"मंग?"

"माय, तो तं गया. मना बी पोरगा शे. माले ते गावमाच ऱ्हावानं शे."

त्याने ऐकले होते हे त्याने स्वतः माझ्यापुढे कबूल केले आहे. हे मी शपथेवर लिहिते.

चौकशीच्या आधी, तेराव्याला, शेठनी तेलाचे डबे पाठवले होते. मी ते परत केले. ते डबे नवलच्या घरी उतरले.

पुनम आणि मी कचेऱ्या केल्या. कुठल्या ते लिहीत नाही, सगळ्या सारख्याच होत्या. एका साहेबांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि समजावले, "मावशी, तुमचा मुलगा नोकर असता तर आज फाईल झाली असती. स्वयंसेवक म्हणजे स्वतःच्या इच्छेने." पुनम म्हणाली, "साहेब, आग पण स्वतःच्या इच्छेनेच लागली होती का?" साहेब चहा घ्या म्हणाले.

कलम ५. शाली.

पैसा मिळाला नाही, पण मान मिळाला. गावच्या तिठ्याला वीर प्रेमराज चौक असे नाव दिले. दर पंधरा ऑगस्टला मला खुर्चीवर बसवून शाल आणि नारळ देतात. भाषणात दरवर्षी तेच येते, कोणी न सांगता आगीत उडी घेतली. नारळ मी फोडून शेजारच्या पोरांना वाटते. शाली लोखंडी पेटीत आहेत. एकही अंगावर घेतलेली नाही.

त्या सगळ्या शाली मी थोरला मुलगा नवल उखर्डू देवरे याला देत आहे. त्या त्याच्या साक्षीची कमाई आहेत. पेटी देऊ नये, पेटी माझ्या माहेरची आहे.

चौकाच्या पाटीवरून प्रेमराजचे नाव काढावे, असा अर्ज मी ग्रामपंचायतीला दोनदा दिला. दोन्ही वेळा त्यांना वाटले की म्हातारीला अक्षर मोठे हवे आहे. त्यांनी पाटी नवीन करून दिली.

कलम ६. चक्की.

चक्की, मोटार, पट्टा, चाळण्या, वजनकाटा आणि दगडांना टाकी लावून ते खरखरीत करायची छिन्नी-हातोडी मी रूपा पावरा हिला देत आहे. जिनिंगने काढल्यावर ती माझ्याकडे आली. मी म्हटले, मला देण्यासारखे फार नाही. ती म्हणाली, दळण शिकवा. आता टाकी ती माझ्यापेक्षा सारखी लावते. ज्वारी-बाजरीला दगड किती दाबायचा हे तिला सांगावे लागत नाही. रूपा करील तोवर चक्की पुढच्या खोलीतच राहील आणि ऋतिकाने तिच्याकडून भाडे घेऊ नये. हे ऋतिकाला मान्य आहे. ती तर म्हणाली, "आजी, हे लिहायची काय गरज?" आहे. आपल्या घरात तोंडी बोललेल्याचे काय होते ते तिने पाहिलेले नाही.

गावातल्या काही बाया रूपाने दळलेले पीठ नको म्हणून शेजारच्या गावाला जातात. त्यांनी जात राहावे.

कलम ७. शेत.

पिंपळनेरजवळ माझ्या वडिलांच्या वाटणीतून मला आलेला जमिनीचा तुकडा मी पुनमला देत आहे. ती आता दुसऱ्या घरची आहे, तिला कशाला, असे नवल म्हणेल. प्रेमराज गेल्यावर तिने सहा वर्षे या घरात काढली, माझे पाय चेपले, रोज जिनिंगच्या भोंग्यावर उठली. तिला भोंगा सहन होत नव्हता, म्हणून मी स्थळ पाहिले. पाठवणीच्या वेळी ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, मी प्रेमराजला सोडून चालले का?" मी म्हटले, तू नाही, गावाने सोडले. तिचे दुसरे यजमान चांगले आहेत. सुटीत ऋतिकाला घ्यायला तेही येतात आणि प्रेमराजच्या फोटोला आधी नमस्कार करतात.

कलम ८. मंजूर झालेली मदत.

हे मृत्युपत्र मला घाईने करावे लागत आहे, ते या कलमासाठी.

यंदा उन्हाळ्यात झुलाल बातमी घेऊन आला. आगीशी लढताना गेलेल्या स्वयंसेवकांच्या कुटुंबांची जुनी प्रकरणे पुन्हा पाहणार होते. अट तीच होती, त्याला कोणी काम सांगितले होते हे दाखवा. शेठ तोवर वारले होते. जिनिंग दुसऱ्याने विकत घेतली होती आणि त्या नव्या मालकाने नवलला घरी बसवले होते.

बातमी कळताच नवल आला. बऱ्याच दिवसांनी ओटा चढला. बसला आणि म्हणाला, "माय, आते मी सांगी देस. शेठनी सांगं व्हतं म्हणीसन. मी जोडेच व्हतू, मनी साक्ष चालीन."

मी हातातले सूप खाली ठेवले. इतकी वर्षे मी हे एक वाक्य ऐकायला बसले होते.

मग तो म्हणाला, "फक्त हाई घर मना नावे करी दे."

मी ओट्यावरून उठले. पुनमला फोन करून बोलावून घेतले. तिला सगळे सांगितले. माझ्या मनात होते की द्यावे, घर काय, भिंती आहेत. पोरीच्या बापाचे खरे तरी होईल. दुसऱ्या दिवशी पुनम आली. नवल उत्तर घ्यायला आला होता, त्याला ती उभ्यानेच म्हणाली, "दादा, तुम्ही तेव्हा शेठकडून घेतलं, आता आईकडून मागता. उद्या कोणी जास्त दिलं तर परत फिराल. तुमची साक्ष आम्हाला नको."

नवल म्हणाला, "मंग काय भेटस ते मी बी देखस. मनाशिवाय कोन शे तुमले?"

हा तो धाक.

तालुक्याच्या सुनावणीला रूपा आली. यंदा तिच्याच पाड्यावरची एक शिकलेली मुलगी बोली सांगायला सोबत होती. साहेबीण बाई होत्या. रूपाने तेव्हा सांगितले होते तेच सांगितले, हात करून ट्रक दाखवला तसाच. त्या मुलीने एकेक शब्द मराठीत केला : "शेठ ओरडले, प्रेमराज, तुला गाडी येते, ट्रक काढ, माझा माल जाईल. तो म्हणाला, शेठ, शेड पडेल. शेठ म्हणाले, पडत नाही, जा."

शेड पडेल असे तो म्हणाला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. रूपाने इतकी वर्षे मला ते सांगितले नव्हते. घरी येताना एसटीत मी तिला का ते विचारले. तिने खिडकीची काच लावली. मग म्हणाली, "तुम्हाला झोप आली नसती."

पुनमची आणि माझी जबानी झाली. झुलालने हात दाखवले. प्रकरण मंजूर झाले. बाईंनी उठून मला नमस्कार केला. मला आनंद झाला नाही. मला राग आला, कारण हेच सगळे तेव्हाही ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये हजर होते.

आता पुनमचे नाव तिने दुसरे लग्न केले म्हणून वगळले गेले आणि ऋतिका अज्ञान आहे म्हणून सारी रक्कम माझ्या नावावर मंजूर झाली. ती माझ्या खात्यात आली, की मी मेल्यावर नवल वारस म्हणून उभा राहील. त्याने तसे बोलूनही दाखवले. परवा माझ्या घराच्या फाटकातूनच म्हणाला, "मी बी तुनाच पोऱ्या शे. मना बी वाटा शे त्यामा."

म्हणून लिहिते. ही रक्कम माझी नाही, प्रेमराजच्या जिवाची आहे. त्यातला अर्धा भाग पुनमला व अर्धा ऋतिकाला जाईल. पुनम दुसऱ्या घरी गेली हे सरकारने धरले, मी धरत नाही. ऋतिकाचा भाग ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवावा आणि तिच्या शिक्षणाशिवाय त्याला हात लावू नये. तिने काय शिकावे ते तिने ठरवावे. नवल उखर्डू देवरे याला यातला एक पैसाही मिळू नये. हे मी राग म्हणून लिहीत नाही, असे वकीलसाहेबांना हवे होते. मी राग म्हणूनच लिहीत आहे, आणि शुद्धीवर लिहीत आहे.

माझी पोस्टातली शिल्लक ऋतिकाला.

कलम ९. पियुष.

नवलचा मुलगा पियुष आयटीआयला आहे. बापाचे त्याच्यावर घालू नये. प्रेमराजची पान्यांची पेटी, रिवाइंडिंगचे मशीन आणि मीटर मी पियुषला देत आहे. तो कधी कधी गुपचूप दळण घेऊन येतो आणि थांबून चक्कीच्या मोटारीचा आवाज ऐकतो. एकदा त्याने विचारले, "आजी, काका कसे होते?" मी म्हटले, तुझ्या बापाला विचार. तो म्हणाला, "पप्पा सांगत नाहीत." पेटी घ्यायला तो येईल तेव्हा रूपाने त्याला सगळे सांगावे, चहा देऊन, बसवून.

कलम १०. व्यवस्था.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी झुलाल वेडू माळी, राहणार सदर, यांनी करावी. त्यांना मी काही देत नाही आणि त्यांनी काही मागितलेलेही नाही. त्यांच्या हातांना आजही थंडीत चिरा पडतात. पथकात असल्याबद्दल त्यांना एक प्रमाणपत्र मिळाले, ते त्यांना भाजल्या बोटांनी नीट धरता आले नव्हते, हे मी स्टेजवरून पाहिले आहे.

गावच्या पथकात आता नवी पोरे आहेत. शर्ट आता लाल आहेत. त्यांच्या आयांना माझे सांगणे आहे की विम्याची पावती घरात आल्याशिवाय पोराला शर्ट घालू देऊ नका. गाव नावे ठेवील. ठेवू द्या.

कलम ११. माझा अंत्यविधी.

दहावा, तेरावा करू नये. शोकसभा घेऊ नये. सरपंच कोणीही असोत, त्यांनी बोलू नये.

मला खांदा द्यायला झुलाल आणि या कागदाचे साक्षीदार रतिलाल व झिपरूभाऊ यांनी यावे. पुनमने आणि रूपाने स्मशानात येऊ नये असे कोणी म्हटले तर ऐकू नये. ऋतिकाला यायचे नसेल तर ओढून नेऊ नये.

अग्नी नवलने द्यावा. झुलालने हे वाचून मला विचारले, "अक्का, इतलं बठ्ठं लिखं, आनि आग त्यालेच?" हो, त्यालाच. भाऊ जळत होता तेव्हा तो काट्याच्या खोलीपाशी उभा राहिला. माझ्या वेळी त्याने जवळ उभे राहावे, तोंडाला धग लागेल इतके जवळ. लोक घरी गेले तरी त्याने निघू नये. त्याच्या सोबतीला कोणी थांबू नये.

वर लिहिलेले सगळे मी स्वतः लिहिले असून पुन्हा एकदा मोठ्याने वाचून पाहिले आहे. त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही. खाली दोघा साक्षीदारांसमोर सही करत आहे. त्यांनी मला सही करताना पाहिले आणि मग माझ्यासमोर आपली सही व अंगठा केला. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

सही : प्रमिलाबाई उखर्डू देवरे

साक्षीदार :
१. रतिलाल मोतीराम कोळी, राहणार टेंभीपाडळे (सही)
२. झिपरू नथ्थू भिल, राहणार टेंभीपाडळे (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ : टेंभीपाडळे
दिनांक : ११ सप्टेंबर २०२५